ठमीच्या बाबांचा वाटा

बाळा,
ठमीला शाळेतून आणायला जातोय. चारपर्यंत येतो.

फ्रीजरमध्ये सीलबंद पिशवीत तिच्या वाढदिवसाचा केक आहे. तू बोटीवर होतास, म्हणून "बाबांचा वाटा ताजाच राहिला पाहिजे" असा तिचा हट्ट. पहिला तुकडा आम्ही मऊ असतानाच माझ्या त्या पिशवीतली हवा काढून सील करणाऱ्या मशीनला लावला. हवा निघाली आणि केकची चटई झाली. मी उपाय सांगितला नाही, फक्त विचारलं, "ठमे, दाबलं तरी चेपत नाही असं काय असतं?" बराच वेळ विचार करून म्हणाली, "बर्फ."

मग उरलेले दोन तुकडे आधी गोठवले, नंतर पिशवीत घालून हवा काढली. तीन आठवड्यांनी, काल, त्यातला एक पिशवीतून काढून बाहेर ठेवला. अगदी आज केल्यासारखा मऊ. मशीनला 'म्हाताऱ्याचं खेळणं' म्हणणाऱ्या तुझ्या बायकोने दोनदा मागून घेतला.

तुझा तुकडा आत्ताच, कडक असतानाच, पिशवीतून काढून बशीत झाकून ठेव, चारपर्यंत मऊ होईल; पण खाऊ नकोस. तो कसा टिकला ते ठमी समजावेल, मध्ये बोलू नकोस. वाढदिवस चुकला म्हणून माफीबिफी मागत बसू नकोस. पोटात जागा तेवढी ठेव.

— नाना