पहिलं वांगं देवाचं

बाबा, उद्या चंपाषष्ठी. तुमची सून वांगी भाजेल, भरीत-रोडग्याचं पान मी खंडोबापुढे ठेवीन आणि ताटाभोवती पाणी फिरवीन. तुम्ही शिकवलंत तसंच. आषाढीपासून या दिवसापर्यंत आपल्या घरात वांगं शिजत नसे, आणि जैनथच्या मळ्यात आपण वांगीच पिकवत होतो. रोज पोती भरून आदिलाबादच्या बाजारात जायची.

माझ्या लहानपणी एका वर्षी, षष्ठीला थोडे दिवस उरले असताना, धाकट्या बहिणीचा ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, मागेल ते द्या, पण पोटात काही जाऊ द्या. तिने भरीत मागितलं. ती खाटेवर पडून आहे, तुम्ही ओसरीवर वांगी निवडताय.

"बाबा, लोकायले इकता, मले काऊन नाई?"

"षष्ठी होऊ दे. मंग पोटभर खाय."

"मंग देवाले सांगा ना, लवकर जेव म्हना."

आई हसली. एक वांगं उचलून चुलीकडे निघाली. "बोटभर देतो तिले. देव काय राग मानते?"

तुम्ही तिच्या हातातून वांगं काढून घेतलंत आणि पोत्यात टाकलंत. "आपुन पिकवलं म्हनून आपलं होत नाई. पह्यले त्याचं. त्यानं देलं का मंग आपलं."

पुढे मी हेच पुस्तकांत वाचलं. देव जेवत नाही. माणसाचा हात घासाआधी एकदा थांबतो, आपला हक्क सोडतो, तोच नैवेद्य. अर्थ चांगला आहे. फक्त हक्क तुम्ही तिचा सोडलात.

षष्ठीच्या आधीच ती गेली. षष्ठीला तुम्ही पान ठेवलंत, डोळे मिटलेत. मागे उभी असलेली आई शांतपणे म्हणाली, "देवाचं जेवन झालं असंन तं इचारा त्याले, पोरगी जेवली का."

तुम्ही ताट उचललंत आणि जेवलात. सगळं. आईने मात्र पुन्हा वांग्याला तोंड लावलं नाही. प्रसादाला नाही म्हणू नये, असं बजावत तुम्ही दरवर्षी तिच्या पानात वाढत राहिलात.

माझा देवावर विश्वास नाही. तरी पान ठेवून डोळे मिटले की ताटाशी धाकटी बसलेली दिसते. बोटं चाटते, अजून मागते. शेवटच्या दुखण्यात तुम्ही विचारलं होतं, "डोये मिटले का तुले काय दिसते रे?" मी म्हणालो, काही नाही.

हे पत्र उद्या चुलीत जाईल. ती मला जेवताना दिसते हे तुम्हाला कळलं तर बरं वाटेल, आणि ते मला अजून नको आहे.