अंगी लागेना

राजुरी,
मंगळवार

प्रिय बायडा,

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर निळी खूण होते पण उत्तर येत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. शेजारचे गेणभाऊ आज तुमच्या घोडेगावला निघालेत, त्यांच्याच हाती देते. शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या सरकवायचो, त्यानंतर तुला लिहायची वेळच आली नाही. जुन्नरच्या बाजारात बांगड्या भरताना तूच म्हणाली होतीस, माझ्या दादाशी लग्न कर, म्हणजे जन्मभर एकमेकींचं डोकं खाता येईल. मैत्रिणीची वहिनी केलीस, आणि आता दिवाळीपासून तुझा आवाज नाही. रागावली आहेस, खुशाल रागाव. पण फाडायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच.

घरची खबर सांगते. यंदा टोमॅटो लावलेच नाहीत, रान गेणभाऊंना वाट्यानं दिलंय. सूरज चाकणहून रविवारी येतो, बापाजवळ बसून मोबाइलकडं बघतो आणि संध्याकाळी जातो. त्याला तरी काय बोलणार, पोराला बघवत नाही. आधी माणसं लई यायची, आता कमी झाली. आपली वस्ती मळ्यात, चहूकडं ऊस उभा, त्यात बिबट्याची धास्ती, दिवस मावळला की इकडं कुणी फिरकत नाही. मग आम्ही दोघं आणि टीव्ही. हे डोळे मिटून पडतात आणि मी आवाज बंद करून नुसती चित्रं बघते. बायडा, एवढ्या मोठ्या गावात मला बोलायला एक माणूस नाही गं.

जी माणसं येतात त्यांचंही काय सांगू! आजाऱ्याला भेटायला आपल्याकडं रिकाम्या हातानं कुणी येतं का? कुणी शिरा आणतं, कुणी गावठी कोंबडीचा रस्सा. रखमाजीमामा शेळीचं दूध घेऊन येतात. आणि आणलेलं यांच्या तोंडात पडल्याशिवाय कुणी हलत नाही. हौशीराम, एवढा घास घे, माझ्यासाठी घे, असं चालतं. हे बिचारे घेतात. माणूस फाटकाबाहेर गेला की मी बादली पुढं करते. आता तर मोटारसायकलचा आवाज आला की हे पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेतात. जन्मभर येईल त्या पावण्याला बळंबळं पंगतीला बसवणारा तुझा दादा, आज पावण्याला भितो.

उरलेलं टाकवत नाही म्हणून मी खाते. फोडणीच्या वासानं यांना उमळतं, त्यामुळं चूल गोठ्यामागं नेलीय. तिथंच शिजवते आणि गाईकडं तोंड करून तिथंच जेवते. तुला दिसलं ते खोटं नाही, मी सुटले. ब्लाऊज उसवून घ्यावे लागले. नवरा काटकुळा आणि बायको गुबगुबीत म्हटल्यावर बायका बोलणारच, मला ऐकू येतं सगळं. लाज वाटते. पण उपाशी राहून भागायचं नाही, यांना उठवायला-बसवायला अंगात बळ लागतं.

भाऊबीजेला तू मासवड्या घेऊन आलीस. ओवाळताना यांनी हात वर केला आणि मनगटावरचं घड्याळ घसरत कोपराला गेलं, तेव्हाच तुझा चेहरा उतरला होता. यांनी दोन वड्या खाल्ल्या, तुझ्याकडं बघून हसत हसत खाल्ल्या, आणि अंगणात जाऊन ओकले. तू ताट खाली ठेवलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, नूतन, आरशात बघ आणि मग याच्याकडं बघ, माझ्या भावाच्या तोंडचं कुणाच्या अंगाला लागतंय ते दिसतंय मला. मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं असेल, बोलायला तोंडच नाही हिला.

बोलायला खूप होतं गं. त्याच्या आधीच आम्ही पुण्याला डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो होतो. तू मला विचारलंस तेच मी त्यांना तावातावानं विचारलं, की एवढं खाऊ घालते ते जातं कुठं? त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्वादुपिंडातली ही कॅन्सरची गाठ नुसती बसून राहत नाही, रक्तात कसली कसली द्रव्यं सोडते. काही गाठ सोडते, तर काही गाठीशी झगडताना आपलंच शरीर सोडतं. ती मेंदूपर्यंत जाऊन भूक मारतात, आणि दंडामांड्यांचं मांस, अंगातली चरबी झिजवत राहतात. नुसत्या उपासानं माणूस वाळला तर शरीर आधी चरबी वापरतं, मांस होईल तेवढं राखतं, आणि चार दिवस नीट जेवू घातलं की तो पुन्हा अंग धरतो. इथं तसं नाही. माणूस खाटेवर पडून असला तरी आत भट्टी पेटलेली, मांसही जातं, आणि वरून कितीही घातलं तरी ते अंगी लागत नाही. बळजबरी केली तर त्रास तेवढा वाढतो. मग हे म्हणाले, म्हंजी मर लागल्यावानी. टोमॅटोला मर लागली की नवखा गडी झाड सुकलं म्हणून पाणी वाढवतो, आन् झाड त्यानं उभं ऱ्हात नाय. बाई म्हणाल्या, हो, तसंच काहीसं.

परत येताना नारायणगावला जीप थांबली, तिथं यांनी माझा हात धरला. म्हणाले, बायडीला यातलं काय सांगू नको. आई गेली तवा ती एवढीशी पोर व्हती, पाटावर उभी राहून मला भाकरी थापून घालायची. तिला वाटतंय तिच्या हातचं खाऊन मी उठंन, तर वाटू दे. म्हणून मी भाऊबीजेला गप्प बसले, बायडा. सगळ्यांसमोर तुझे शब्द गिळले. पण घरी एकटी पडले की तुझा भयंकर राग यायचा. मलाही कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायचं होतं, आणि तशी मैत्रीण मला एकच आहे.

आता हे पाणीसुद्धा चमच्यानं घेतात. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलंय, बळं काही भरवू नका, तोंड ओलं ठेवा, दुखण्याचं औषध वेळेवर द्या आणि जवळ बसा. म्हणजे काय ते तुला कळलं असेल. काल दुपारी यांनी आपणहून तुझं नाव काढलं. मी म्हटलं, बोलावते. तर मान हलवली. म्हणाले, नको, ती डबा घेऊन येईल, मला खाता यायचं नाय, रडंल ती. तुला बघायचंय आणि तुझ्या डब्याची भीती वाटते, असं झालंय त्यांचं. म्हणून त्यांचा शब्द मोडून मी हे लिहिलं. पत्र मिळेल तशी नीघ. मासवडी नको, दूध नको, बिस्किटाचा पुडासुद्धा नको. सख्खी बहीण भावाकडं हात हलवत गेली असं लोक म्हणतील, म्हणू देत. यांना दारातून रान बघायला आवडतं, पण टेकून बसवत नाही, कुणीतरी मागून धरावं लागतं. मी धरते गं, पण मग मला यांचं तोंड दिसत नाही. तू ये, दोन्ही हात मोकळे ठेवून ये.

तुझीच,
नूतन