हॉटेलातले साबण

भाऊ, लोणावळ्याचं तुमचं हॉटेल पाडलं. परवा त्या रस्त्याने गेले तेव्हा पत्रे लावले होते आणि आत जेसीबी चालू होता. मी थांबले नाही. पण घरी येईपर्यंत तुमचा जेवणाचा डबा डोळ्यांसमोर होता. सकाळी त्यात भाकरी जायची आणि सोमवारी संध्याकाळी साबण यायचे. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की खोल्यांत अर्धवट वापरलेल्या वड्या पडून राहत, आणि चादरी बदलणं, न्हाणीघरं धुणं हे तुमचं काम असल्याने त्या तुमच्या वाट्याला येत. तुम्ही तिकोणा पेठेच्या जीपमधून उतरता, ओट्यावर बसता, डब्याचं झाकण माझ्याकडून उघडून घेता. गुलाबी, पिवळ्या, एखादी निळी. आई उरलेले तुकडे ओल्या हातांनी दाबून त्यांचा गोळा करायची. शेजारची मावशी म्हणायची, "भाऊ, तुमची पोरगी दारावरनं गेली की लग्नघरावानी वास सुटतोय." तुम्ही हसायचात. त्या घरात चैनीची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती तुम्ही आणलेली होती.

मी चौथीत असताना कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत खाज सुरू झाली. आधी कातडी कोरडी पडली, मग लाल झाली, मग मी ती खाजवून फोडली. आईने वांगं बंद केलं. वांग्याने फरक पडेना तेव्हा तुरीची डाळ बंद केली. मावशीने कडुलिंबाचा पाला सांगितला. तो चुलीवर उकळून, सोसेल तितक्या कढत पाण्याने आई मला अंघोळ घालू लागली. खाजेवर कढत पाणी पडलं की किती बरं वाटतं हे ज्याला खाज नाही त्याला कळणार नाही. अंग कोरडं होईतो ते सुख टिकायचं, आणि मग खाज दुपटीने सुरू व्हायची. तुम्ही कामशेतच्या मेडिकलमधून ट्यूब आणलीत. ती लावली की दोन दिवसांत जायचं, सोडली की आधीपेक्षा जास्त यायचं. शाळेत खिचडीला बसताना मुली सरकून बसू लागल्या. आणि या सगळ्यात तुम्ही दर सोमवारी, पोरीचं अंग खाजतंय म्हणून, डब्यातली सगळ्यात वासाची वडी माझ्यासाठी निवडून ठेवत होता.

शेवटी तळेगावच्या डॉक्टरबाईंकडे आपण तिघे गेलो. त्यांनी माझे हात उजेडात धरून पाहिले आणि विचारलं, "साबण कुठला लावता?"

तुम्ही खुर्चीत सावरून बसलात. "कुठला म्हंजे? सगळे हायेत. गुलाबाचा हाय, चंदनाचा हाय, लिंबाचा हाय. एक निळा हाय, त्याचं नाव न्हाई ठावं, पण लय भारी."

"दुकान आहे का तुमचं?"

"न्हाई वो. हाटेलात हाय मी."

बाई हसल्या, पण सांगताना हसल्या नाहीत. ही कातडी घाण नाही, कोरडी आहे, म्हणाल्या. हिला ओलावा धरून ठेवता येत नाही, म्हणून दुसऱ्याला जे बाधत नाही ते हिला बाधतं. वासाचे साबण लागतात, कढत पाणी लागतं, घोंगडी लागते, शाळेत खाली अंथरलेलं गोणपाट लागतं, अंगावर वाळलेला घाम लागतो. पाणी कोमट घ्या. साबण एकच, बिनवासाचा, तोही थोडा. पंच्याने घासू नका, नुसतं टिपा, आणि अंग ओलसर आहे तोवर हे मलम लावा. ती मेडिकलची ट्यूब मनाने लावू नका. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, आणि एकदाचं जातही नाही. कशाने वाढतं ते ओळखायचं आणि त्यापासून लांब राहायचं.

"आणि वांगं?" आईने विचारलं.

"वांग्याने काय केलंय तुमचं?"

येताना कामशेतच्या बाजारात तुम्ही किलोभर वांगी घेतलीत.

साबणाचा गोळा मावशीकडे गेला. डबा रिकामा येऊ लागला, त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी पूर्वी जीपचा आवाज आला की धावत येऊन तुमच्या गळ्यात पडत असे. आता तुम्ही अंगणातूनच हात वर करता. "लांब. लांब ऱ्हा तितंच." तुम्ही ओट्यावर वेगळे जेवता. माझ्या डोक्यावरून हात फिरवत नाही. शाळेतल्या मुली सरकल्या तसेच तुम्हीही सरकलात, एवढंच मला समजलं. मी रडले नाही. जीप आली की परसात जाऊन बसू लागले. हे आईच्या लक्षात आलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पोरीला वाटतंय, तुमाला तिची किळस येती."

तुम्ही हातातला तांब्या खाली ठेवलात. "किळस? मला?"

"मग जवळ का घेत न्हाई?"

"अगं, अंगाला फिनेल हाय माझ्या! ह्या हातानं दिसभर संडास धुतोय. खोल्यांत वासाचे फवारे मारतोय. ते तिला लागलं म्हंजे? बाई काय म्हनली, लांब ठेवा म्हनली."

"मग धुवा की. पाणी काय हाटेलातच हाय व्हय?"

मी परसदारी उभी राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही हॉटेलचा ड्रेस कुंपणावर टाकून आधी हापशावर जाऊ लागलात. भर थंडीतसुद्धा. नुसत्या पाण्याने हात, मान, केस धुवायचे, अनेकदा धुऊन मऊ पडलेली बंडी घालायची, आणि मग दारात बसून हाक मारायची, "ये आता." तुमच्या अंगाला तेव्हा कसलाच वास नसे. मला अजून वाटतं की माणसाला जवळ घेण्याची ती सगळ्यात कष्टाची पद्धत असावी.

त्यानंतर तुम्ही अतिरेकही केलात. दिवाळीचा नवा फ्रॉक आधी दोनदा धुऊन मग मला घालायला दिलात, आणि मी फुगून बसले. भाताच्या झोडणीला खळ्यावर येऊ दिलं नाहीत. शाळेत जाऊन गुरुजींकडून माझ्यासाठी गोणपाटाऐवजी चटई मागून घेतलीत. पारावरचं कुणीतरी म्हणालं, "भाऊ, पोरीला राणी करून ठेवली." तुम्ही म्हणालात, "हायच ती." आणि दर रविवारी माझी नखं कापायला बसत होता, मांजराची कापावीत तशी, शिव्या देत.

त्वचा पुढे निवळली. अधूनमधून उलटते. वसतिगृहात धुण्याच्या पावडरीने उलटली, परीक्षांच्या दिवसांत कारण नसताना उलटली. आता वराळ्याच्या फ्लॅटमध्ये मी भांडी घासताना आतून सुती असलेले हातमोजे घालते, लसूण दुसऱ्या कुणाकडून सोलून घेते, हिवाळ्यात अंघोळ लवकर आटपते. माझ्या दिवसाची मांडणी अशा लहान लहान अंतरांवर उभी आहे. तक्रार नाही. ती अंतरं तुम्ही मोजून दिलेली आहेत.

एकदाच मोडली. तुमच्या शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात. दारात सॅनिटायझर, खाटेशी सॅनिटायझर, प्रत्येक वेळी आत-बाहेर करताना हातावर तो थंड चटका. माझी बोटं सांध्यांवर चिरली. तुम्हाला बोलताना धाप लागत होती, पण दिसत सगळं होतं. मी हात पुढे केला की तुम्ही आपला हात चादरीखाली घेत होता.

"नको. औषधं हायेत अंगाला."

"असू दे, भाऊ."

"चिरतंय तुझं."

सिस्टरने हातमोजे दिले. मी ते घातले, तुमचा हात धरला. तुम्ही त्या निळ्या रबरी बोटांकडे पाहत राहिलात. मी मोजे काढले. सॅनिटायझर पुन्हा लावून, तो वाळू देऊन, उघड्या हाताने तुमचा हात धरला. तुम्ही ओढून पाहिलात. ओढायला जोर नव्हता. तो सगळा दिवस मी हात सोडला नाही, त्यानंतरच्या दिवसांतही नाही. चादरीवर माझ्या रक्ताचे बारीक ठिपके पडले, ते मी घडी घालून आत घेतले.

तुमचं सगळं आटोपल्यावर इथल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. माझे हात पाहून ते म्हणाले, "इतकं कशाने वाढलं? कारण लक्षात आलं तर पुढच्या वेळी टाळता येईल." आजवर मी त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही, कुठला साबण, कुठलं कापड, सगळं सांगत आले. त्या दिवशी म्हटलं, "काही लक्षात येत नाही."