सुरंगीच्या वाटेचे टायर

आई,

"तुला रस्ता दिसत नाही, फक्त पोचणं दिसतं," असं ती गेल्या रविवारी म्हणाली, आणि तिथून माझं सगळं बदललं. ती म्हणजे सुरंगी गावच्या बालवाडीत शिकवणारी मुलगी. तू असतीस तर सगळ्यात आधी तुलाच सांगितलं असतं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून सोडलं, आता दादऱ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. डोंगरात चालवायची म्हणतात तशी जाड टायरची नवी सायकल घेतली. दोन्ही चाकांना दातेरी टायर, लोकांनी वळून बघावं असे. पण आपल्या डोकमर्डीहून निघालं की बराच रस्ता आता डांबरी, त्यावर हे टायर नुसते घुमतात आणि पाय भरून येतात. शेवटी शेताच्या कडेचा चिखल लागला की दात्यांत माती गच्च बसते, चाक फिरत नाही. मग मी सायकल खांद्यावर घेऊन, रस्त्याला शिव्या देत तिच्या दारात. तिच्या वडिलांसमोर, अण्णांसमोरही दिल्या. तेव्हा ती ते बोलली. आणि हेही, की पुढच्या रविवारी, म्हणजे आज, नाशिकहून पाहुणे तिला बघायला येताहेत; अण्णांशी बोलायचं असेल तर त्यांच्या आधी ये, आणि माणसासारखा ये.

चार दिवस मी सायकलवर राग काढला. मग तुझी काळी लेडीज सायकल आठवली. मी चौथीत आहे, सुट्टी आहे, आणि तू नर्सबाई म्हणून पाड्यांवर निघाली आहेस, लशींचा डबा माझ्या मांडीवर. वाटेत तू दुकानात थांबतेस आणि दोन वेगळे टायर मागतेस. दुकानदार हसतो, मला लाज वाटते. मी फुगून बसलेला बघून तू म्हणतेस, "भाऊ, पुढचं चाक वाईट वाटेला बघून घ्यायचं, मागचं लांब वाटेला बघून." मागचं घसरलं तर थोडा उशीर होतो, पुढचं घसरलं तर माणूसच पडतो, एवढं तू समजावून सांगितलंस. पुढे नदीतले गोटे लागले. तू उतरलीस, दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडलीस आणि माझा अंगठा टायरवर दाबून बघायला लावलास. दगडासारखं टणक चाक दगडावर उडतं, जरा दबणारं चाक धरून चालतं. त्या सकाळी मी शेजारच्या पोराला मारून आलो होतो. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुझ्यातली पण थोडी काढायला पाहिजे." आणि स्वतःच हसत सुटलीस. मी मात्र सुरंगीपर्यंत डब्याच्या झाकणावर बोटं आपटत बसलो.

काल त्याच दुकानात गेलो. आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो गल्ल्यावर. पुढच्या चाकाला दाते एकमेकांपासून लांब लांब असलेला टायर मागितला, म्हणजे चिखल अडकत नाही, गळून पडतो. मागच्याला मधून सपाट आणि फक्त कडांना दाते असलेला, डांबरावर पळणारा. तो गुजरातीत चिडवत म्हणाला, "एक वाघनो, एक बकरीनो? सर्कसमां जवानुं छे, भाई?" कान तापले, आई. हातातला टायर त्याच्याच गळ्यात घालणार होतो. पण म्हटलं, हो, सर्कसच आहे, रविवारी खेळ आहे. तो हसला, मीही हसलो, आणि त्याने टायर बसवताना चहा मागवला. संध्याकाळी मुद्दाम शेताच्या चिखलात जाऊन आलो. चाक अडलं नाही. एकदाही उतरावं लागलं नाही.

तू जाऊन दहा वर्षं झाली. घरात तुझा फोटो आहे, त्याला बाबा रोज फूल घालतात. मला मात्र तू दिलेलं काही हातात धरावंसं वाटलं की सापडायचं नाही. काल सापडलं. कधी दिलंस ते तेव्हा कळलंही नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार, तुझ्याच साडीच्या पेटीत राहील. एक सांगतो, तुलाच. मला अण्णांची भीती वाटत नाही, ते नाही म्हणाले तर माझ्या तोंडून काय निघेल त्याची वाटते. नाही म्हणाले तरी नमस्कार करून परत फिरेन, असं ठरवलंय. जमेल का, माहीत नाही.

उजाडलंय. बाबा रात्रपाळी करून आत्ताच झोपलेत. एरवी मी दार आपटूनच जातो. आज कडीला हात धरून, आवाज न करता ओढून घेतो.