रिकाम्या रकान्याची परवानगी

२ मार्च

सकाळी सकाळी एका निवारा केंद्रातल्या नर्सबाईंचा मेल. झापलंय चांगलंच, पण इतकं गोड की मी हसतच वाचत होते. त्यांची वेबसाइट आमच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे आमच्या टीमने बनवलेल्या तयार सांगाड्यावर, उभी आहे. रस्त्यात सापडलेल्या माणसांची तिथे नोंद होते - आणि नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही! "नाव सांगता येत नाही म्हणूनच तर माणूस आमच्याकडे येतो ना, बाई?"

मग त्या बिचाऱ्या नावाच्या जागी 'माहीत नाही' लिहितात. परवा असे दोघं आले. वेबसाइटने दोघांना एकच माणूस समजून एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावावर चढवल्या. नर्सबाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

इथे मात्र माझं हसू गेलं.

३ मार्च

मास्तरांशी वाजलं. आमचे टीमप्रमुख. मास्तर नाव आम्हीच पाडलंय - दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढताना चेहरा इतका खुलतो!

"रकान्यांची तपासणी ऐच्छिक केली तर लोक वाट्टेल तो कचरा भरतील."

"आत्ता काय भरताहेत? सक्ती केली की माणूस खोटं लिहितो."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "करून दाखव. पण जुन्या एकाही वेबसाइटला धक्का लागता कामा नये."

५ मार्च

काही जमलं नाही. डोकं दुखतंय.

८ मार्च

धक्का लागला! एका रकान्यापुरती बंद करायची तपासणी मी सगळीकडेच बंद करून ठेवली. आमच्या चाचणीच्या खोट्या दुकानात एका बिननावाच्या, बिनपत्त्याच्या गिऱ्हाइकाने उणे तीन चपला मागवल्या - आणि दुकानाने ऑर्डर घेतली!! मला रडू येणार होतं. मास्तर मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग खुर्ची ओढून शेजारी बसले. "चल, कुठे घसरलं बघू."

९ मार्च

झालं!! काही सांगितलं नाही तर तपासणी कडकच. ज्याला नको असेल त्याने त्या रकान्यापुरतं तसं सांगायचं. रिकामं ते रिकामंच राहणार, आणि दोन रिकामी नावं एकच माणूस ठरणार नाहीत. मास्तर "बरंय" म्हणाले. त्यांच्या तोंडून म्हणजे शाबासकीच.

घरी येऊन नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. "म्हणजे आठवडाभर खपून तू काहीच न लिहायची सोय केलीस?"

हो! तेच तर!

१३ मार्च

नर्सबाईंचा फोन. मागे कुणीतरी मस्त शीळ घालत होतं. "हे आमचे आजोबा. त्या दोन 'माहीत नाही'तले एक. केंद्रातल्या सगळ्या डुगडुगत्या खुर्च्या नीट करून दिल्यात. आज त्यांचा फॉर्म नावाशिवाय जमा झाला. त्यांना स्क्रीनवर दाखवला, तर माझ्या हातावर टाळी दिली!"

मास्तरांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

१६ मार्च

नर्सबाईंचा मेल. आजोबांनी काल त्यांना शेजारी बसवून नाव, घर, मुलं, सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं! "सांगायचं नव्हतं, पोरी. फॉर्मसाठी तुम्ही सगळे रोज नाव विचारायचात, म्हणून विसरलो म्हणत होतो. आता कुणी विचारत नाही, तर सांगावंसं वाटलं."