फ्रेमवरचा नारळ

४ नोव्हेंबर
खोकं आलं. कुरिअरवाला गावात यायला तयार न्हाई, हायवेच्या पुलाखाली उभा. एवढ्या मोठ्या खोक्यात काय हाय म्हणला. म्हणलं टीव्ही. त्यानं एका हातानं उचलून बघितलं, म्हणला रिकामाच हाय की. म्हणलं व्हय, चॅनल अजून भरायचेत.
खरंच रिकामं वाटतंय. आत रेसच्या सायकलीची फ्रेम, फोर्क, सीटची नळी, सगळं कार्बन. चीनच्या कारखान्यातनं सरळ मागवलेलं. कंपनीचं नाव न्हाई, रंग न्हाई, नुसतं काळं. फ्रेमचं वजन साखरेच्या पुड्याएवढं. सुझीला फोटो पाठवला. (सुझी तिथली विकणारी. तीन महिने मोबाईलवर भाषा बदलून बदलून तिच्याशी भांडलो.) ती म्हणली डिअर फ्रेंड, एन्जॉय.
आण्णा ओट्यावर पेपर वाचायले होते. खोक्याकडं बघितलं. पान उलटलं. बास.

६ नोव्हेंबर
हे लिहूनच ठेवतो. आजकाल मधीच विसरतो मी, आन विसरणं बरं न्हाई.
माझे वडील, आण्णा, एस.टी.वर ड्रायव्हर. अख्खी नोकरी झाली, एक अपघात न्हाई. गाडीला ओरखडा न्हाई. त्याचा बिल्ला मिळालेला, तो कपाटात कापसात ठेवलाय. मार्चमधी रिटायर झाले. आठव्या दिवशी मी आवाज बदलून फोन लावला, डेपोतनं बोलतोय, माणूस कमी पडलाय, उद्याची पहिली गाडी तुमीच काढा. मला वाटलं ओळखतील, दोन शिव्या हासडतील, झालं. सकाळी उठतोय तर आण्णा न्हाईत. इस्त्रीची खाकी घालून, डबा घेऊन कळंबला गेलेले. डेपोत सगळ्यांनी बसवून चहा पाजला म्हणे. कुणी हसलं न्हाई, असं त्यांच्या कंडक्टरनं मला सांगितलं. हसले असते तर बरं झालं असतं.
तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. समोर बसलेलो असलो तरी आईला म्हणतेत, "त्याला भाकर वाढ."

९ नोव्हेंबर
सलीमभाईच्या गॅरेजात फ्रेम टांगली. (हितनं पुढं स.भा., हात दुखतो.) मी त्यांच्याकडंच कामाला हाय, टू-व्हीलर, ट्रॅक्टर, काय येईल ते. स.भा. फ्रेमवर नख वाजवून म्हणले, "दत्त्या, ये तो पिलास्टिक है रे." म्हणलं, तुमच्या दातांसारखं. पाना फेकला त्यांनी. चुकवला.
जुन्या सायकलीचे गिअर, ब्रेक, चाकं सगळं काढलं. जुनी फ्रेम भंगारवाल्याला दिली. आता मागं फिरायला जागा न्हाई.

१२ नोव्हेंबर
रात्रीच्या जेवणाला आईनं विचारलं, ती नवी सायकल मजबूत हाय का? प्रश्न आण्णांचा होता, तोंड आईचं होतं. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, लोखंडापेक्षा मजबूत. घण घातला तरी काय होत न्हाई.
घणाचं मीच जोडलं. सवय. कार्बन ओढ सोसतं, दाब सोसतं, वरनं बारका घाव बसला तर न्हाई सोसत. हे सुझीच्या कागदावर चित्र काढून दिलेलं हाय. हातोडी, वर फुली.
आण्णांनी ताटातली मिरची बाजूला सारली. ऐकलं त्यांनी.

१६ नोव्हेंबर
केबल आतनं घालायच्या. ह्या फ्रेममधी सगळं आतनं. दीड दिवस गेला. शेवटी दोऱ्याला टाचणी बांधली, बाहेरनं फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवत फिरवत टाचणी खाली आणली, मागनं केबल. स.भा. म्हणले डॉक्टर हो गया तू. बारावीला दोन टायमाला बसलेला डॉक्टर.
टॉर्क पाना मागवलाय, नट किती आवळला ते आकड्यात दावणारा. आमी ट्रॅक्टरवाले, नट कुरकुरेपर्यंत आवळणारे. ह्याला पाच म्हंजे पाचच. स.भां.ना पान्याला हात लावू दिला न्हाई. रुसले.

२३ नोव्हेंबर
झाली.
घाटात वरपर्यंत नेली. वर जाताना मागनं कुणीतरी ढकलायलाय असं वाटलं, दोन डाव मान वळवून बघितलं. खाली येताना मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो आठवत न्हाई.
२१ डिसेंबरच्या रेसला नाव दिलं. घाट चढून, उतरून, परत. पहिल्या पाचात आलो तर सोलापूरचा एक क्लब टीममधी घेणार, असं त्यांचा माणूस फोनवर म्हणलाय.
येताना स्टँडवर आण्णा दिसले. पानटपरीपाशी. माझी सायकल जाईपर्यंत बघत होते.

२७ नोव्हेंबर
आज झालं ते नीट लिहितो.
सकाळी सायकल अंगणात होती. आण्णा आंघोळ करून आले, हातात ताट. हळद-कुंकू, उदबत्ती, नारळ. कुणी सांगितलं न्हाई त्यांना. आई चुलीपाशीच उभी राहिली. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. हँडलला शेवंतीचा हार, येडाईच्या देवळाच्या पायऱ्यांवरनं आणलेला. म्हंजे दिवस उगवायच्या आत वर जाऊन आलेले. मग माझ्याकडं बघितलं आन आठ महिन्यांनी पहिलं वाक्य बोलले.
"ब्रेक लागतेत का नीट?"
म्हणलं, लागतेत.
"बघून घे. उतार वाईट हाय तो."
  खाली बघत उभा राहिलो, आन तिथंच चुकलं. त्यांनी नारळ उचलला. एस.टी.ची पूजा ते दर दसऱ्याला करायचे, नारळ पुढच्या बंपरवर फोडायचे, एका घावात. हिला बंपर कुठला. फ्रेमच्या वरच्या दांडीवर घातला. मी हात वर करेपर्यंत एक बसला. नारळ फुटला न्हाई. "दमदार हाय की, तू म्हणला तशी," म्हणले, आन दुसरा.
नारळ फुटला. पाणी दांडीवरनं गळालं. आईनं हात जोडले. त्या आवाजाच्या खाली अजून एक आवाज होता, वाळकी काटकी मोडल्यागत. मलाच ऐकू आला.
आण्णांनी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. खाल्ला. हसलो पण. नीट हसता येत होतं, तेच लई वाईट वाटायलंय.

२८ नोव्हेंबर
केसाएवढी चीर. दांडीवरनं सीटच्या जोडापर्यंत. स.भां.नी नाण्यानं वाजवत नेलं, माठ घेताना वाजवतेत तसं. टक टक टक, मग बद्द. परत मागनं. परत तिथंच बद्द. चष्मा काढून ठेवला त्यांनी.
त्यांना सगळं सांगितलं. म्हणले बाप को बोल दे. म्हणलं काय बोलू? तुमी आयुष्यात एकाच गाडीला धक्का लावला, आन ती माझी?
स.भां.नी शटर अर्धं खाली ओढलं. दिवसाढवळ्या.

२९ नोव्हेंबर
चिरेवर रेडियमचा स्टिकर लावला. आई येडेश्वरी प्रसन्न. आण्णांना वाटलं त्यांच्यासाठी लावलाय. आईला म्हणले, "पोरगं सुधारलं गं."
मेलो.

२ डिसेंबर
सुझीला लिहिलं की फ्रेम फुटकीच आली. लिहिताना हात थांबला न्हाई, खोटं मला पाठ असतंय. तिनं विचारलं खोकं उघडतानाचा व्हिडिओ? तो तर मीच तिला पाठवलेला, पहिल्याच दिवशी, फ्रेम बोटावर नाचवतानाचा. पुढं तिनं लिहिलं, डिअर फ्रेंड, खरं काय झालं? रागानं न्हाई विचारलं. भाषा बदलून आलं तरी ते कळत होतं.
मोबाईल पालथा घातला आन झोपलो.

५ डिसेंबर
पुण्यात एक जण कार्बन जोडतो. त्याला फोटो पाठवले. त्याचा फोन आला. नुसती दांडी असती तर केलं असतं, चीर जोडात शिरलीय, मी हात लावणार न्हाई. उतारावर मोडली तर तुमचं तोंड रस्त्यावर. एवढं सरळ बोलला. आभार मानले.

१० डिसेंबर
आता रोज असं चालतंय. सकाळी सातला आण्णा मला उठवतेत. स्वतः. चाकात हवा बघतेत, अंगठ्यानं दाबून. "रस्त्याच्या कडंनं जा, ट्रकला वाट दे, ओव्हरटेकला घाई न्हाई." मी टोपी घालून निघतो. वळण संपलं की उतरतो. सायकल हातात धरून गॅरेजात नेतो. दोन तास टायरच्या ढिगावर बसतो. मग नळाखाली डोकं धरतो, शर्ट भिजवतो, परत येतो.
आण्णा टॉवेल घेऊन दारात असतेत.
आज म्हणले घाम जास्ती यायलाय तुला, मीठ-साखर घेत जा. ग्लास तयार केलेला. प्यालो.
आजपर्यंत जेवढ्यांना फसवलं त्यातलं एवढं सोपं गिऱ्हाईक कुणी न्हाई.

१३ डिसेंबर
बोलायला लागलेत तर थांबत न्हाईत. लातूर रोडला रात्री गाडीचा पाटा तुटलेला, बारशी घाटात म्हैस आडवी आलेली, एक बाई गाडीतच बाळंत झाली तर गाडी कशी फुलासारखी नेली. एकदाही हे ऐकलेलं न्हाई मी. का न्हाई ऐकलं? मी कायम टवाळी करत बसलेलो.
मधीच म्हणले, "त्या फोनचं जाऊ दे. मला पण जायचंच होतं बहुतेक."
मी उठून हात धुवायला गेलो. हात धुतलेलेच होते.

१६ डिसेंबर
सांगायचं ठरवलं. गेलो ओट्यावर. आण्णा स्टँडवरच्या दोघांना माझी रेस समजावून सांगत होते, शेकोटीच्या राखेत बोटानं घाट काढून. हितं चढ, हितं वळण, हितं मी पाण्याची बाटली घेऊन उभा राहणार. त्यांच्यातला एक म्हणला, ड्रायव्हर, पोरगं गेलं की तुमच्यावर. आण्णा नुसते मिशीत हसले.
परत आलो.

१८ डिसेंबर
स.भा. माझ्याशी नीट बोलंनात. सायकलीचं पुढचं चाकच काढून लपवून ठेवलं त्यांनी. म्हणले तू उतरेल घाट, मला माहिती हाय तू येडा हाय. जनाजा मी न्हाई उचलणार.
खरं म्हंजे मी इचार केलेला. चीर धरंल तोवर धरंल. पहिल्या पाचात आलो आन खाली मोडली तर मोडली. मग मनात आलं, आण्णा कुठं उभे असतील? उताराच्या तळाला. बाटली घेऊन.
न्हाई.

२० डिसेंबर
उद्या रेस. आत कपडे बदलायला आलोय, दोन मिनिटं हायत.
सकाळी स.भां.कडनं चाक मागून आणून बसवलं. दुपारचं जेवण झाल्यावर सांगितलं. सायकल अंगणात आणली, स्टिकर काढला, म्हणलं आण्णा, फ्रेम गेलीय, उद्या जमत न्हाई.
आई पदर तोंडाला लावून उभी. आण्णा खाली बसले, चष्मा पुसला, चिरेवरनं अंगठा फिरवला. लई वेळ. मग विचारलं, "कशानं?"
म्हणलं, मी पडलो. घाटात. परवा.
लगोलग माझे कोपर, गुडघे बघितले. बाह्या वर करायला लावल्या. कुठं खरचटलेलं न्हाई. म्हणलं गवतात पडलो.
"तू गवतात, आन गाडी?"
दगडावर.
परत अंगठा. चाकं बघितली, हँडलची टोकं बघितली, पॅडल बघितलं. तिथं कुठं कायच न्हाई. नवंकोरं.
"घाव वरनं हाय," म्हणले. "पडली असती तर बाजूनं बसला असता."
 एवढं खोटं बोललोय जन्मात, एक पण पुढं येईना.
उठले. आवाज चढवला न्हाई. अपघात झाला की पहिल्यांदा जागा बघायची, मग कागद, मग काय बोलायचं ते बोलायचं, डेपोत असंच असतंय म्हणले. खुंटीवरची टोपी घेतली. "चल. जागा दाखव."
आता दारात उभे हायत, चप्पल घालून. आईला विचारायलेत, आला का न्हाई अजून. बाहेर लख्ख ऊन हाय, घाटापर्यंत सगळं दिसतंय. म्हणलं आलो आण्णा. शर्टाचं एक बटण लावायचं राहिलंय, तेच धरून बसलोय