आईचा उभा फोटो

सर, गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडणार आहे. तुम्ही असताना तोंडावर बोलायचं राहिलं असं नाही, बोलले होते, पण तुम्ही हसून वेळ मारून नेलीत. आता हसता येणार नाही, तेव्हा ऐका.

वसमतच्या तुमच्या स्टुडिओत मी बायकांचे पासपोर्ट फोटो काढायला लागले आणि वर्षभरातच तुम्ही मला रस्त्यावरचे फोटो शिकवायला घेतलेत. औंढ्याला श्रावणी सोमवारची गर्दी आहे, तुम्ही पुढे, मी मागे. फोकसचं अंतर आधीच लावून ठेवायचं, कॅमेरा छातीशी लोंबू द्यायचा, नजर भलतीकडे, बोट आपलं काम करतं. "विचारलंस की माणूस गेला, उरतो पुतळा," तुम्ही म्हणायचात. मला पटायचं. अजूनही अर्धं पटतं, म्हणून तर जास्त डोकं फिरतं. आणि कुणी पाहिलंच, "आमचा बी काढा की" म्हणून मागे लागलं, तर त्यांच्यासाठी गळ्यात दुसरा कॅमेरा असायचा. फ्लॅशवाला, बिनरोलचा. फ्लॅश उडाला की लोक खूश होऊन जायचे. मीही हसायचे तेव्हा.

मग तुमच्या काचेत तो मोठा फोटो लागला. हळदीच्या दिवसांतला मोंढ्याचा बाजार, निवडणाऱ्या बायकांची दुपारची सुट्टी, आणि मधोमध माझी आई. पदर खांद्यावर घसरलेला, हात पिवळे, तोंडात घास. खाली तुमच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी: 'भूक'. मी म्हणाले, सर, ही माझी आई आहे, काढा तो. तुम्ही म्हणालात, "ते चित्र आहे, तुझी आई नाही." वा! मग ती चिठ्ठी बाजारातल्या बायकांनी आईलाच का वाचून दाखवली?

दुसऱ्या दिवशी ती आली. ठेवणीतलं पातळ, केसांना तेल, पायांत माझ्या चपला. "भूक काहून लिवलं, सर? घास तोंडात हाय ना माझ्या! भाकर, ठेचा, वर कांदा. उपाशी कोन व्हतं तिथं?" मग म्हणाली, "माझा नीट उभा फोटो काढा, अन् त्यो काढून ह्यो लावा तिथं." "बराबर हाय, मावशी," म्हणत तुम्ही तिला पडद्यासमोर उभं केलंत आणि तो दुसरा कॅमेरा उचललात. फ्लॅश पडला. तुम्ही रोल पुढे सरकवायचा खटका ओढलात, पण डाव्या बाजूची चकती जागची हलली नाही. रोल असता तर ती फिरली असती, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी तिच्यासमोरच म्हणाले, सर, यात रोल नाही. तुम्ही हसलात. "पोरीला अजून लई शिकायचंय, मावशी." आणि तिनं तुमच्यावर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही.

त्याच दिवशी मी स्टुडिओ सोडला. पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला, तिला म्हणाले, आई, उभी राहा. ती म्हणे, "सरांनी काढलाय की. त्योच आण." मी कितीदा समजावलं. "चकाकलं ना माझ्या तोंडावर. मंग आला असंलच." मरेपर्यंत ती त्या फोटोची वाट पाहत होती, सर. तुम्ही तिची एक दुपार न विचारता घेतलीत, तेही एक वेळ सोडून देईन. पण तिनं स्वतःहून, नटूनथटून जे मागितलं, ते तुम्हाला रिळाच्या लायकीचं वाटलं नाही.

तुमच्यानंतर स्टुडिओ मोडताना तुमच्या घरच्या काकूंनी 'भूक' माझ्या हाती दिला. पुढे आई गेली तेव्हा भिंतीला लावायला दुसरा फोटोच नव्हता. मामा चिडला, "जेवतानाचा फोटो कोन लावतंय?" मी चिठ्ठी फाडून तोच लावला. चांगला आहे मेला. ती आता घास गिळून कुणाला तरी हाक मारेल असं वाटतं. विचारून काढला असता तर असा आला नसता, हेही मला कळतं, आणि कळतं म्हणून राग कमी होत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून शेवटचं लिहिते. घरी येणारा प्रत्येक जण त्या फोटोपुढे थांबतो आणि विचारतो, कुणी काढला? मी सांगते, मीच काढलाय. तिला विचारून.